जमिनीखालची गोधडी



पाहुण्याला घर दाखवताना आपण बैठक दाखवतो, स्वयंपाकघर दाखवतो, गच्चीवर नेतो. घर नवं असेल तर बाथरूमचे नळही सोडून दाखवतो. पण ‘या, आमची जमीन खालून कशी दिसते ते बघा’ असं कुणी म्हणत नाही. आज मला नेमकं त्याबद्दलच बोलायचं आहे. विषय कवीचा नाही, हे मला ठाऊक आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. उष्णतेचे नियम शाळेत शिकलो तेवढेच. पण थंड मुलखातल्या एका घरात अख्खा हिवाळा काढला आणि एक गोष्ट पटली. घरातली माणसं एकत्र राहणार की नाही, हे कधी कधी पायाखालच्या फळ्या किती गार आहेत यावर ठरतं.

माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत, इलिनॉय राज्यात, शिकागोच्या एका उपनगरात राहतात. पूर्वी बाळंतपणासाठी मुलगी माहेरी यायची. आता माहेरच विमानात बसून मुलीकडे जातं. आम्हीही गेलो, बाळंतपण झालं, परत आलो. दुसऱ्यांदा गेलो ते २०२३च्या नोव्हेंबरात. नातू आठ महिन्यांचा झाला होता, नुकताच रांगायला लागला होता. मुलीची रजा संपली होती. तिकडच्या पाळणाघराचा खर्च ऐकला की आपण एखादं शून्य जास्त ऐकलं की काय, असं वाटतं. त्यामुळे एप्रिलपर्यंत आजीनं नातवाला सांभाळायचं, असं ठरलेलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात बायको म्हणाली, ‘माझं तिकीट अलीकडचं करून द्या. जानेवारी काही मी इथं काढू शकणार नाही.’

बाहेरच्या थंडीबद्दल तिची तक्रार नव्हती. घर तापवलेलं होतं. भिंतीवरचा आकडा आपल्या हिशेबानं २२ अंश सेल्सिअस होत होता. तक्रार जमिनीची होती. आपल्या बायका लेकराला खुर्चीत बसून वाढवत नाहीत. मालिश जमिनीवर पाय पसरून, भरवणं जमिनीवर, खेळवणंही जमिनीवर. तासाभरात तिचे गुडघे धरायचे. मुलगी म्हणायची, ‘अम्मी, सोफ्यावर बस ना.’ त्यावर तिचं उत्तर, ‘मी बसेन गं सोफ्यावर. पण हा रांगणार कुठं?’ आणि खरंच, नातवाचे तळहात हातात घेतले की गार लागायचे. मलाही ती जमीन चांगलीच ओळखीची झाली होती. दिवसातून पाच वेळा ज्याचं कपाळ जमिनीला टेकतं, त्याला जमीन किती गार आहे हे दुसऱ्यानं सांगावं लागत नाही. पहाटेच्या नमाजाला तर जानमाजच्या खालून गारठा वर यायचा.

जावई संगणकवाला. त्याचा आकड्यावर विश्वास. त्यानं पिस्तुलासारखा धरायचा एक थर्मामीटर आणला. तो लांबून रोखला की पृष्ठभागाचं तापमान सांगतो. खोलीच्या मधोमध जमीन १७ अंश निघाली, बाहेरच्या भिंतीलगत १४. अमेरिकेतली ‘ॲश्रे’ ही अभियंत्यांची संस्था आहे. तिच्या मानकाप्रमाणे जमिनीचं तापमान १९ ते २९ अंशांच्या दरम्यान हवं. आणि तो हिशेबसुद्धा खुर्चीत बसून पाय जमिनीला टेकवणाऱ्या माणसाचा आहे. पोटावर सरपटणाऱ्या बाळाचा नव्हे. म्हणजे आजीचे गुडघे जे सांगत होते, त्यावर यंत्रानंही शिक्कामोर्तब केलं.

आता ही जमीन गार का, हे समजायला तळघर समजून घ्यावं लागतं.

त्या भागात घरोघरी तळघर असतं. त्याचं कारण जमिनीतल्या बर्फात आहे. हिवाळ्यात वरची माती गोठते, तिच्यातलं पाणी गोठून फुगतं आणि वरचं बांधकाम उचलून धरतं. म्हणून पाया माती गोठते त्याच्या खाली न्यावा लागतो. शिकागोच्या परिसरात हे अंतर ४२ इंच, म्हणजे साडेतीन फूट धरतात. एवढं खणायचंच आहे तर अजून थोडं खणून माणूस उभा राहील अशी खोली करावी, हा सरळ हिशेब. कोळशाच्या काळात तिथंच कोळसा साठवायचा आणि तिथंच भट्टी पेटवायची.

मुलीचं घर शंभराहून जास्त वर्षांचं. वर सगळं लाकूड, खाली दगड-चुन्याच्या भिंतींचं तळघर. मी पहिल्यांदा त्या तळघरात उतरलो आणि मान वर केली, तर थेट आपल्या जुन्या वाड्यातला कडीपाट! ओळीनं लाकडी कड्या, त्यांच्यावर आडव्या फळ्या. फरक इतकाच की आपल्या वाड्यांत पाटांवर मातीचा थर घालून वरची जमीन करत. इथं फळीवर फळी आणि तिच्यावर थेट नातू.

जावयानं शेजाऱ्यांकडे चौकशी केली. तेव्हा कळलं की आधीच्या मालकाच्या काळात ही जमीन इतकी गार नसे. त्याच्या वेळी तळघरात एक जुना, अगडबंब बॉयलर होता. तो इतकी उष्णता वाया घालवायचा की तळघर आपोआप कोमट राहायचं आणि वरची जमीनही. नवा बॉयलर काटकसरी. तो घरातल्या रेडिएटरना गरम पाणी देतो, इकडेतिकडे फारसं सांडत नाही. गॅस वाचला आणि तळघर गारठलं. एक गळती बंद झाली की तिच्यावर कोण कोण जगत होतं ते नंतर कळतं.

उपाय काय? जावयाचा पहिला विचार, घर आणखी तापवू. पण हवा तापवली की ती हलकी होऊन वर जाते. वरच्या मजल्यावर घाम आणि खाली जमीन तशीच. दुसरा विचार, जाड गालिचा घालू. गालिच्यानं तळव्याला बरं वाटतं, पण रांगतं मूल, भरवलेला वरणभात आणि गालिचा यांचं जमत नाही, हे घरातल्या दोन्ही बायकांनी एका सुरात सांगितलं.

मला मात्र आठवत होती गोधडी. सातारा जिल्ह्यात आमच्या गावी थंडीत आई आम्हा भावंडांना झोपवताना अंगावर एक गोधडी द्यायची आणि अंगाखाली दोन घालायची. ‘गारठा खालून चढतो,’ असं ती म्हणायची. शास्त्राच्या भाषेत, उष्णता आपल्या अंगातून गार जमिनीकडे जाते. अर्थ तोच. गोधडीत ऊब कापडाची नसते. जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेची असते. हवा जागच्या जागी थांबली की उष्णतेला तिच्यातून पलीकडे जायला फार वेळ लागतो. अंगाखालची गोधडी दबून चपटी होते, तिच्यातली हवा निघून जाते, म्हणून खाली एकाला दोन लागतात. आईनं पदार्थविज्ञानाचं पुस्तक पाहिलेलं नव्हतं. पण जमिनीखाली घालायच्या इन्सुलेशनचं सगळं तत्त्व एवढ्यात येतं. हवा अडवा, ती हलू देऊ नका आणि थर दाबू नका.

हे काम करायला जो कारागीर आला, तो तीसेक वर्षांपूर्वी पोलंडहून आलेला. शिकागोत पोलिश माणसं पुष्कळ आहेत. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. त्यानं आल्या आल्या वर पाहिलंच नाही. तो घराबाहेर गेला आणि छपराचं पाणी कुठं पडतं ते बघू लागला.

आपल्याकडे पागोळ्या जोत्याजवळ पडल्या की जोतं ओलं होतं आणि भिंत ओल धरते, हे खेड्यातल्या पोरालाही कळतं. तिथंही तेच झालं होतं. छपराच्या पन्हळीचा नळ भिंतीच्या पायाशीच उघडा सोडलेला. ते पाणी मुरून तळघराच्या भिंतीला ओल यायची. त्यानं आधी तो नळ भिंतीपासून दहा फूट लांब नेला आणि भिंतीलगतच्या मातीला बाहेरच्या बाजूला उतार दिला. मग जावयाला बोटांवर मोजून दाखवलं : आधी पाणी, मग वारा, शेवटी थंडी. हा क्रम उलटा केला तर ओल्या लाकडाला आपणच गोधडी गुंडाळतो आणि आत बुरशी वाढते.

एक प्रश्न जावयानं विचारला आणि तो योग्य होता. तळघराच्या भिंतींनाच आतून इन्सुलेशन का करायचं नाही? पुष्कळ घरांत तेच बरं असतं. तळघर कोरडं असेल, वापरात असेल, पाण्याचे पाइप आणि यंत्रं तिथं असतील, तर भिंती झाकून सगळं तळघरच उबेच्या आत घ्यावं. पण इथं भिंती जुन्या दगडाच्या आणि ओलसर. घरातल्या उबेनं त्या थोड्या तरी सुकत होत्या. त्या आतून झाकल्या असत्या तर ओल कोंडली असती आणि गोठणाऱ्या पाण्यानं चुना फुटला असता. शिवाय तळघरात जुन्या खोक्यांपलीकडे कुणी राहत नव्हतं. म्हणून उबेची सीमा वरच्या जमिनीलाच आखायची, असं ठरलं.

मग वाऱ्याचा दिवस. हिवाळ्यात असं घर म्हणजे एक चिमणी असते. आतली गरम हवा वरच्या फटींतून निसटते आणि तिची जागा घ्यायला खालून गार हवा वर ओढली जाते. त्या फटी शोधायला कारागिराकडे धूर सोडणारी एक नळी होती, ती नेमकी संपली. बायकोनं आपल्या सामानातून अगरबत्तीचा पुडा काढून दिला. त्या दिवशी तळघरात मोगऱ्याचा वास आणि आम्ही तिघं पुरुष अगरबत्त्या घेऊन कडीपाटाखाली फिरत होतो. जिथं धूर सरळ जाता जाता एकदम वर ओढला जाई, तिथं खडूची खूण. वायरींसाठी पाडलेली भोकं, नळांच्या भोवतालची जागा, बाथटबच्या खालचा मोठा चौकोन. सगळ्यात जास्त खुणा झाल्या त्या दगडी भिंतीच्या माथ्यावर, जिथं कड्या टेकतात त्या कडेला. तिथं फोमच्या कडक पाट्या कापून बसवल्या आणि कडा सील केल्या. धुरांड्याभोवतीची फट मात्र फोमनं भरायची नसते. तिथं पत्रा आणि आग सोसणारं सीलंट लागतं.

तिसरी पायरी थंडीची. कड्यांच्या मध्ये दगडी लोकरीच्या लाद्या बसवल्या. दगडी लोकर म्हणजे काय, हे कळल्यावर मला फार गंमत वाटली. आपला सह्याद्री ज्या काळ्या बेसॉल्टचा आहे, तसलाच दगड दीड हजार अंशांच्या आसपास वितळवतात आणि जत्रेतल्या बुढ्ढी के बालांसारखा फिरवून त्याचे तंतू काढतात. त्या तंतूंमध्ये हवा अडकते. दगडाची गोधडी! ती जळत नाही आणि पाण्यानं सहज भिजतही नाही. इन्सुलेशनची ताकद तिकडे ‘आर’ या अक्षरानं मोजतात. आकडा जितका मोठा तितका उष्णतेला अडथळा जास्त. त्या पट्ट्यातल्या नव्या घरांसाठी संहितेत जमिनीला आर-३० सांगितलं आहे. ही लादी सव्वासात इंच जाडीची आणि आर-३०चीच होती.

बसवण्यात एकच कसोटी. लादी वरच्या फळीला सगळीकडे चिकटून बसली पाहिजे. ती खाली लोंबली आणि मध्ये बोटभर पोकळी राहिली, तर गार हवा त्या पोकळीतून फिरते आणि लादी असून नसल्यासारखी होते. म्हणून खालून तारांचे आधार द्यायचे, पण लादी दाबायची नाही. पुष्कळ ठिकाणी काचतंतूच्या, एका बाजूला कागद लावलेल्या पट्ट्या वापरतात. तो कागद ओलावा अडवण्यासाठी असतो आणि तो उबेच्या बाजूला, म्हणजे इथं वरच्या फळीकडे, असावा लागतो. खालून ठोकायला सोपं म्हणून लोक तो खाली करतात. तसा उघडा राहिलेला कागद पेटूही शकतो.

आणि एक सावधगिरी. जमिनीला गोधडी घातली की वरची ऊब खाली उतरत नाही. म्हणजे तळघर आणखी गार होणार आणि तिथले पाण्याचे पाइप गोठून फुटण्याची भीती. म्हणून सगळ्या पाइपांना फोमच्या नळ्या चढवल्या आणि खाली एक थर्मामीटर टांगून ठेवला. अशा जुन्या घरात पाइपांभोवती पांढरं, प्लास्टरसारखं जुनं वेष्टन दिसलं तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्याला हात न लावता आधी तपासून घ्यायचं. कारागिरानं कामाला हात घालण्यापूर्वी हेही पाहिलं होतं.

काम डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात संपलं. २०२४च्या जानेवारीच्या मध्याला तिथं कडाक्याची थंडी पडली. पारा शून्याखाली वीस अंशांच्याही खाली उतरला. त्या शहरानं याहून वाईट पाहिलं आहे. ३० जानेवारी २०१९ रोजी तिथं उणे ३१ अंशांच्या जवळपास नोंद झाली होती. पण आम्हाला हेही पुष्कळ होतं. त्या सकाळी जावयानं थर्मामीटर रोखला. खोली २० अंशांवर ठेवलेली आणि जमीन १९. पूर्वी खोली २२ आणि जमीन १७ होती. तळघर ६ अंशांवर, पाइप शाबूत. गॅसच्या बिलात मोठा चमत्कार झाला नाही, कारण उष्णता छतातून आणि भिंतींतूनही जातच असते. पण घर दोन अंशांनी कमी तापवूनही पायाला ते जास्त उबदार लागत होतं.

बायकोनं थर्मामीटर पाहिलाच नाही. ती सतरंजी टाकून बसली, नातवाला पायांवर आडवा घेतला आणि तेलाची वाटी मागितली. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला तो एप्रिलमध्ये, ठरल्या तारखेला. मधल्या काळात नातू त्याच फळ्यांवर उभं राहायला शिकला, चारदा पडला आणि पाचव्यांदा आजीकडे चालत आला. मुलीची नोकरी टिकली. जावयानं पाळणाघराची चौकशी पुढच्या वर्षावर ढकलली.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला याचं काय? आपल्या मुलखात जमीन गार असणं हे सुख आहे. उन्हाळ्याच्या दुपारी शहाबादी फरशीवर उघड्या अंगानं पडण्याची मजा कुठल्या पलंगाला नाही. पण आपल्याच देशात थंड मुलूख आहेत. काश्मीरमध्ये पुष्कळ घरांत आणि मशिदींत हमाम असतो. दगडी लाद्यांची जमीन आणि तिच्याखाली लाकडाची आग. लडाखच्या जुन्या घरांत खाली गुरं आणि वर माणसं राहत, गुरांची ऊब वर येत असे. जिथं सरपण आहे, गुरं आहेत, तिथं जमीन खालून तापवता येते. जिथं ते नाही, तिथं निदान गारठा अडवता येतो.

आणि पुण्यात, नाशकात आता पार्किंगच्या डोक्यावर पहिला मजला असतो. खाली मोकळा वारा, वर गुळगुळीत टाइल्स. डिसेंबरात त्या घरातली म्हातारी माणसं दिवसभर मोजे घालून का बसतात, हे एकदा त्यांना विचारून बघा. तिथं दगडी लोकरीची गरज नाही, सतरंजीवर एक गोधडी पुरते. पण ती गोधडी घालायला हवी हे आधी कुणाच्या तरी लक्षात आलं पाहिजे. घरातलं सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत म्हातारं माणूस जमिनीच्या सगळ्यांत जवळ असतं. घर कसं आहे हे त्या दोघांना विचारावं. उभ्या माणसाला ते कळत नाही.



(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)